घरावर नेटची छत्री लावावी का?



आमच्या गटाच्या मागच्या बैठकीत एक वेगळाच अर्ज आला. अर्ज करणाऱ्या काकी गटात पहिल्यापासून आहेत आणि त्यांचा हप्ता आजवर एकदाही चुकलेला नाही. त्यांनी चाळीस हजारांचं कर्ज मागितलं. कर्जाच्या रजिस्टरात 'कारण' नावाचा रकाना असतो. तिथं आम्ही आजवर म्हैस, शिलाई मशीन, खत-बियाणं, दवाखाना, पोराची फी असंच लिहीत आलो. या वेळी लिहायचं होतं, 'नेटची छत्री'. लिहिणारीचा पेन थांबला आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

काकींची मुलगी बी. कॉम. झाली आहे. कोल्हापुरातल्या एका हिशेबनीसांकडे तिला काम मिळालं. काम कॉम्प्युटरवरचं, म्हणजे घरी बसूनही होण्यासारखं. पण आमच्या वाडीत घरात रेंज येत नाही. देवळाच्या वरच्या अंगाला एक मोठा दगड आहे, तिथं उभं राहिलं की दोन दांड्या येतात. त्याला आम्ही रेंजचा दगड म्हणतो. पोरगी लॅपटॉप घेऊन त्या दगडावर बसते. उन्हाळ्यात जमून जातं, पण जूनपासून आमच्याकडं जो पाऊस लागतो, त्यात दगडावर बसून हिशेब कसा करणार? आता उरतात दोनच वाटा. पोरीनं कोल्हापुरात कॉट बेसिसवर राहायचं, नाहीतर नेट घरात आणायचं.

काकींनी मोबाईलवर कुठंतरी बघितलं होतं की आता उपग्रहावरून नेट येतं, टॉवर लागत नाही. "टीव्हीला लावली तशी एक छत्री लावायची, झालं," असं त्यांचं म्हणणं. बैठकीत निम्म्या बायका त्यांच्या बाजूच्या, निम्म्या विरुद्ध. मग ठरलं की आधी माहिती काढायची आणि मगच अर्जावर बोलायचं. ती काढलेली माहिती आज तुमच्यापुढं ठेवतो. असा अर्ज उद्या तुमच्याही गटात येईल.

पहिल्यांदा टीव्हीची छत्री आणि ही छत्री यातला फरक बघू. टीव्हीचा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे 36,000 किलोमीटर वर असतो. पृथ्वी फिरते त्याच वेगानं तोही फिरतो, म्हणून आपल्याला तो एकाच जागी थांबल्यासारखा असतो आणि छत्री एकदा त्या दिशेला बसवली की काम झालं. टीव्हीची छत्री फक्त घेते, काही पाठवत नाही. नेटला दोन्ही लागतं. आपण बोट लावून काहीतरी मागायचं, ते वर जायचं, वरून जमिनीवरच्या केंद्रात यायचं, आणि उत्तर पुन्हा त्याच वाटेनं परत. 36,000 किलोमीटरच्या दोन फेऱ्या म्हटल्यावर अर्धा सेकंद त्यातच जातो. व्हिडिओवर बोलताना समोरचीचं उत्तर उशिरा येतं आणि दोघी एकदम बोलायला लागतात, ते यामुळं.

तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेवर किंवा एटीएमवर तुम्ही मोठी छत्री बघितली असेल. तीही उपग्रहाचीच. म्हणजे हे तंत्र आपल्याकडं नवीन नाही. इस्रोनं याच कामासाठी मोठे उपग्रह सोडले आहेत. जीसॅट-11 डिसेंबर 2018 मध्ये गेला, जीसॅट-एन2 नोव्हेंबर 2024 मध्ये. पण ते बँका, कंपन्या, विमानं यांच्यासाठी जास्त, आपल्या घरासाठी कमी.

आता ज्याची चर्चा आहे ते नेट वेगळं आहे. त्याचे उपग्रह फार खाली, साधारण 550 किलोमीटरवरून फिरतात. कोल्हापूर ते मुंबई अंतराच्या दीडपट धरा. इतक्या खालून फिरणारा उपग्रह एका जागी थांबत नाही, तासा-दीड तासात पृथ्वीची फेरी मारतो. आपल्या डोक्यावरून तो काही मिनिटांत निघून जातो, म्हणून त्याच्या मागं दुसरा, दुसऱ्याच्या मागं तिसरा असे हजारो लागतात. स्टारलिंक या अमेरिकन कंपनीचे असे नऊ हजारांवर उपग्रह वर आहेत. वनवेब कंपनीचे उपग्रह थोडे वर, 1,200 किलोमीटरवर. घरावर बसते ती छत्री गोल नसते. चपटी, चौकोनी, आपल्या जेवायच्या पाटाएवढी. ती जागची हलत नाही, पण आतल्या आत एका उपग्रहाला सोडून दुसऱ्याला धरते. तिच्यापासून एक वायर घरात येते आणि घरातल्या डब्यातून वायफाय मिळतं. अंतर कमी असल्यामुळं बोलण्यातला उशीर जाणवत नाही. ऑनलाइन वर्गाला, पोरीच्या कामाला हे नेट चांगलं, यात शंका नाही.

मग अडचण कुठं? सगळ्यात आधी आकाशात. पाटाच्या वर चारी बाजूंनी बऱ्यापैकी मोकळं आकाश लागतं. आमच्या काकींच्या घरावर एका बाजूनं फणस आणि मागं डोंगर. उपग्रह फिरता असल्यामुळं तो फणसामागं गेला की नेट तुटणार, पुढं आला की जोडणार. व्हिडिओ बघताना हे चालून जाईल, कामाच्या मीटिंगमध्ये चालणार नाही. फणस तोडायचा का, असं कुणीतरी विचारलं. काकींच्या सासूनं लावलेला फणस आहे, तो विषय तिथंच संपला. घरापासून लांब खांब रोवून त्यावर पाट बसवता येतो, पण मग वायर लांब, खांबाचा खर्च वेगळा, आणि माकडांचं काय करायचं हे कुठल्याच कंपनीच्या माहितीत दिलेलं नाही. आमच्याकडं कौलं शाबूत राहत नाहीत त्यांच्यामुळं.

दुसरी अडचण पावसाची. मोठा पाऊस लागला की टीव्हीवर 'सिग्नल नाही' अशी पाटी येते, हे गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड इकडच्या बायांना सांगायला नको. पावसाचे थेंब लहरी अडवतात. या नेटलाही तेच लागू आहे. दिवसभर बंद राहतं असं नाही. साध्या पावसात चालतं, ढगफुटीसारख्या सरीत तेवढा वेळ मंद होतं किंवा तुटतं. पण आमच्याकडं अशा सरी जुलैत दिवसात किती येतात ते तुम्हीच मोजा. वळवाच्या विजा हा आणखी एक विषय. छताच्या वर उभी केलेली कुठलीही वस्तू असली की अर्थिंग नीट पाहिजे, गडगडायला लागलं की वायर काढून ठेवायची.

तरीही महापुराच्या वेळी हेच नेट सगळ्यात उपयोगाचं, हेही बैठकीत निघालं. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत आपल्या जिल्ह्यात पाणी आलं, तेव्हा वीज गेली, टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या, आणि माहेरची माणसं कुठल्या शाळेत हलवली आहेत हे कळायला वाट नव्हती. घाटात दरड पडली की रस्त्याकडेची फायबरही तुटते. आकाशातल्या नेटला मधला टॉवर नसतो, मधली वायर नसते. पॅसिफिक महासागरातल्या टोंगा देशात जानेवारी 2022 मध्ये ज्वालामुखी फुटून समुद्रातली केबल तुटली, तेव्हा तिथल्या बेटांवर असेच पाट पाठवले होते. पण एक ध्यानात ठेवा, पाटाला वीज लागतेच. वीज गेली आणि घरात इन्व्हर्टर नसला तर आकाशात नऊ हजार उपग्रह असून काही उपयोग नाही.

विजेचा हिशेब आमच्यातल्या एका वहिनींनी काढला, तो कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. मोठा पाट 75 ते 100 वॉट वीज खातो. म्हणजे चोवीस तास फिरणारा एक पंखा. महिन्याला कमीत कमी 54 युनिट झाले. ज्यांचं बिल आज 60-70 युनिटचं येतं, त्या या पाटामुळं शंभरच्या वर जातात, आणि शंभरच्या वरच्या युनिटचा दर बराच चढा आहे. रात्री बंद ठेवला तर वाचतं. लहान पाटही मिळतो, तो याच्या निम्म्याहून कमी वीज खातो, पण त्याचा जोरही कमी.

आता किंमत. हे बोलणं आम्ही जानेवारी 2026 मध्ये करतो आहोत. आजच्या घडीला असं नेट आपल्या घरासाठी विकत मिळायला सुरुवात झालेली नाही. स्टारलिंकला केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याचा परवाना जून 2025 मध्ये मिळाला, वनवेब आणि जिओ यांना त्याआधीच मिळाला होता. डिसेंबर 2025 मध्ये स्टारलिंकच्या संकेतस्थळावर महिना 8,600 रुपये आणि सामानाचे 34,000 असा आकडा दिसला, सगळीकडं बातम्या झाल्या, आणि मग कंपनीनंच सांगितलं की तो चुकून दिसला, भारतातली किंमत ठरलेली नाही. काकींचा चाळीस हजारांचा अंदाज तिथूनच आलेला. शेजारच्या भूतानमध्ये ही सेवा 2025 च्या सुरुवातीला चालू झाली. तिथलं चलन आपल्या रुपयाच्या बरोबरीचं आहे, आणि तिथं महिन्याला 3,000 आणि 4,200 असे दोन दर आहेत. आपल्याकडं याच्या आसपास निघेल का, कमी निघेल का, हे किंमत आल्यावरच कळेल.

आम्ही हिशेबाला भूतानचा कमी दर धरला. चाळीस हजार कर्ज, वीस महिने फेड, म्हणजे महिन्याला 2,000 मुद्दल. शेकडा एक रुपया व्याजानं पहिल्या महिन्याचं व्याज 400. नेटचे 3,000. झाले 5,400. तीनशे रुपये हजेरी धरली तर काकींनी महिन्यातले अठरा दिवस नुसत्या नेटसाठी भांगलायला जायचं. हा आकडा ऐकल्यावर बैठक गप्प झाली.

पण काकींनीही हिशेब मांडला, आणि तो खोटा नव्हता. पोरगी कोल्हापुरात राहिली तर खोली आणि मेस मिळून सहा हजार जाणार. शिवाय काकी घरी एकट्या. पोरगी घरात राहून कमावणार असेल आणि नेटचा खर्च तिच्याच पगारातून जाणार असेल, तर 5,400 महाग म्हणता येत नाही. म्हणून आम्हाला वाटतं, 'उपग्रहाचं नेट महाग' किंवा 'स्वस्त' असं सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. त्या नेटवर पैसे कोण मिळवणार आणि ते बंद पडल्यावर कुणाचं नुकसान होणार, हे आधी विचारा. नातवंडांच्या रील्स आणि दाजींच्या क्रिकेटसाठी कुणी चाळीस हजार मागितले असते, तर चर्चा दोन मिनिटांत संपली असती.

यापुढचं जरा नीट ऐका, कारण यात आम्ही स्वतः फसलो असतो. गेल्या सप्टेंबरपासून लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची धावपळ झाली. ओटीपी यायचा तो आधारला जोडलेल्या नंबरवर. आमच्या बायका आणि त्यांचे नवरे रेंजच्या दगडावर रांग लावून उभे होते. एकीचा ओटीपी यायचा तेव्हा पान बंद पडलेलं, पान उघडायचं तेव्हा ओटीपीची वेळ संपलेली. बैठकीत म्हणूनच बऱ्याच जणी म्हणाल्या, "नेट घरात आलं की ही कटकटच मिटली." मिटणार नाही. नेट आकाशातून येईल, पण ओटीपीचा मेसेज सिमकार्डावर येतो आणि सिमकार्डाला टॉवरच लागतो. घरात पाट लावूनही तुम्ही ओटीपीसाठी दगडावरच जाणार.

याला एक तोड आहे, तिचं नाव वायफाय कॉलिंग. ही सोय असलेल्या फोनमध्ये आणि सिममध्ये साधा फोन आणि मेसेज वायफायवरून येतात. सगळ्या फोनमध्ये ही सोय नसते, स्वस्तातल्या आणि जुन्या फोनमध्ये तर नसतेच म्हणा. आपल्या फोनमध्ये आहे का हे बघायला पैसे लागत नाहीत. सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग शोधून चालू करा. बाजाराच्या दिवशी वायफाय असलेल्या कुणा नातेवाइकाच्या घरी जा. फोन विमानाच्या चिन्हावर टाका, म्हणजे टॉवर बंद झाला. मग तेवढं वायफाय चालू करा, आणि मैत्रिणीला तुमच्या नंबरवर फोन लावायला आणि साधा मेसेज टाकायला सांगा. दोन्ही आले तर तुमच्या घरी नेट आल्यावर ओटीपीही येईल असं धरायला हरकत नाही. आमच्या गटातल्या अकरा जणींनी हे करून बघितलं, चौघींना फोन आला. काकींच्या फोनवर आला नाही, पोरीच्या फोनवर आला.

आणखी एक गोष्ट कोल्हापूरकरांना पटकन पटेल. 2025 च्या जुलैत शिरोळ तालुक्यातल्या नांदणी मठाची महादेवी हत्तीण गुजरातला वनतारात नेली, तेव्हा रागानं आपल्या जिल्ह्यातल्या किती लोकांनी जिओचं सिम पोर्ट केलं, ते तुम्हाला आठवत असेल. त्या रागाचं बरोबर-चूक बाजूला ठेवा. नंबर तोच ठेवून आपण कंपनी बदलू शकलो, फोन नवा घ्यावा लागला नाही. या पाटाचं तसं नाही. एका कंपनीचा पाट दुसऱ्या कंपनीच्या उपग्रहाला चालत नाही. दर वाढवला, सेवा बिघडली, नाहीतर तुमचं आणि कंपनीचं पटलं नाही, तर चौतीस हजारांचा पाट छपरावर शोभेला. शिवाय सगळं एकाच कंपनीच्या हातात असलं की ती अडली की आपण अडलो. 24 जुलै 2025 ला स्टारलिंकचं नेट जगभर सुमारे अडीच तास बंद पडलं होतं. टॉवरचं नेट बंद पडलं तर निदान पलीकडच्या वाडीत दुसऱ्या कंपनीची रेंज असते.

मग सरकार काही करतं का? करतं. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंकबरोबर करार करायच्या इराद्याच्या पत्रावर सही केली, असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम हे जिल्हे पहिल्यांदा घेतले आहेत, तिथल्या शाळा, दवाखाने, सरकारी कार्यालयं यांच्यासाठी. कोल्हापूर त्यात नाही. आपला जिल्हा साखरेचा, दुधाचा, सधन म्हणून गणला जातो. डोंगरातल्या वाड्या त्या हिशेबात दिसत नाहीत, ही आमची जुनी तक्रार आहे, आज परत नको.

आपल्या हातातली गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची केंद्राची योजना 2011 पासून चालू आहे, तिचं आजचं नाव भारतनेट, आपल्या राज्यात महानेट. तुमच्या ग्रामपंचायतीत फायबर आली आहे का, तिथल्या पेटीचा दिवा लागतो का, तिथून वाडीपर्यंत वायर ओढायला काय लागेल, हे ग्रामसभेत विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. फायबर आली तर महिन्याला चार-पाचशे रुपयांत घरभर नेट मिळतं, आणि पावसाचाही त्रास कमी. जिथं फायबर येऊ शकते तिथं उपग्रहाकडं बघायचंही कारण नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जिथं येऊच शकत नाही, तिथं एकेका घरापेक्षा ग्रामसंघाच्या खोलीवर एक पाट बसवावा. बँक सखीला अंगठा लावून पैसे द्यायला नेट लागतं, अंगणवाडीताईंना पोषण ट्रॅकर भरायला लागतं, पोरांना अभ्यासाला लागतं. वीस घरांनी 3,000 वाटून घेतले तर घराला 150 येतात. पण घरगुती जोडणी घेऊन शेजाऱ्यांना वाटता किंवा विकता येत नाही, बहुतेक कंपन्यांच्या अटीत तसं असतं. संस्थेसाठी वेगळी, महाग योजना असते, ती विचारून घ्यावी लागेल. गावात सार्वजनिक वायफाय चालवायला पीएम-वाणी नावाची योजना डिसेंबर 2020 पासून आहे, तिच्यात दुकानदार किंवा गटही बसू शकतो. आणि पासवर्ड कुणाकडं राहणार हे पहिल्या दिवशी ठरवा. जोडणी जिच्या आधारकार्डावर असेल, तिच्या नेटवरून कुणी काही भलतंसलतं केलं तर चौकशी तिच्या दारात येते. घरातही तेच. कर्ज बाईच्या नावावर आणि पासवर्ड दाजींच्या खिशात, असं आम्हाला नको आहे.

सेवा सुरू व्हायच्या आधीच फसवणारे सुरू झाले आहेत. 'उपग्रहाच्या नेटचं बुकिंग चालू, दोन हजार भरा' असा मेसेज आला तर पैसे भरू नका, त्यातल्या लिंकवर बोट लावू नका. भरून बसला असाल तर लगेच 1930 या नंबरवर फोन करा. आणि परदेशातल्या भाच्यानं तिकडचा पाट बॅगेतून आणून दिला, तर तोही लावू नका. आपल्या देशात परवान्याशिवाय असं सामान वापरणं गुन्हा आहे.

शेवटी काकींच्या अर्जाचं काय झालं ते सांगतो. चाळीस हजारांचा अर्ज नामंजूर केला नाही. भारतातली किंमत जाहीर झाली की पुन्हा घ्यायचा, असं इतिवृत्तात लिहिलं. पण पाऊस काही किंमतीची वाट बघत थांबणार नाही. म्हणून पोरीला घेऊन आम्ही तिघी-चौघी फोन हातात धरून घराभोवती फिरलो. कौलांच्या वर, फणसाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, बांबूला फोन बांधून उंच धरला तर एक-दोन दांड्या येत होत्या. तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीवाल्यानं सांगितलं की तिथं लोखंडी पाइप रोवून वर अँटेना लावायचा आणि खाली सिमकार्डाचा राउटर ठेवायचा. खर्च साडेपाच हजार. एवढं कर्ज आम्ही त्याच बैठकीत मंजूर केलं.

आठवडा झाला जोडून. सकाळी चांगलं चालतं, संध्याकाळी सगळे मोबाईल घेऊन बसले की मंद होतं, म्हणून पोरगी पहाटे उठून काम उरकते. पाइपवर माकडं चढू नयेत म्हणून काकींनी त्याला बाभळीचे काटे बांधले आहेत. किती तास चाललं आणि किती वेळा तुटलं, हे पोरगी वहीत लिहून ठेवते आहे. ती वही पुढच्या बैठकीला यायची आहे.